कापा आणि जोडा

"काका, कापून जोडून देऊ का?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला निदान सहा जणांनी विचारला असेल. पालघरला दोघांनी, बोईसरला तिघांनी आणि मनोरला हायवेवर एकाने. सगळी माणसं चांगली होती, फसवायला कुणी बसलेलं नव्हतं. दोघांनी तर चहासुद्धा पाजला. तरीही आज या प्रश्नाविरुद्ध लिहायचं आहे, आणि जरा रागानेच लिहायचं आहे. बरेच दिवस मनात साठलंय.

घरच्या मंडळींना आमची लाल गाडी ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. तिचं नाव सॅन स्टॉर्म. दोन माणसांची, बुटकी, छप्पर निघणारी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बांधायला सुरुवात झालेली ही स्पोर्ट्स कार. आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन आणि वरची बॉडी फायबर ग्लासची. मडगावच्या मामाने ती २००२ साली हौसेने घेतली, चौदा वर्षं जिवापाड सांभाळली आणि २०१६ मध्ये "आता गुडघे आत जात नाहीत रे" म्हणून चावी माझ्या हातावर ठेवली. तेव्हापासून ती आमच्या उमरोळीच्या अंगणात पेंढ्याच्या शेजारी उभी असते. गावातली पोरं तिला 'बेडकी' म्हणतात. मला राग येत नाही, दिसते खरी तशी.

बनवणारी कंपनी लहान होती, गाड्याही थोड्याच निघाल्या आणि मग निघायच्या बंद झाल्या. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट आपल्याकडे कुणीतरी असली गाडी बनवायचं धाडस केलं याचं मला कौतुकच आहे. माझं भांडण वेगळ्याच ठिकाणी आहे. ते आहे कपलरवरून.

कपलर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या ताईला वाटलं की मी मिक्सरच्या कपलरबद्दल बोलतोय. :) गाडीत वायरीला वायर किंवा वायरीला सेन्सर जोडायला प्लॅस्टिकची एक डबी असते. आत पितळी पिना, त्यांच्यावर कथलाची कल्हई, आणि बाहेर एक खटका. 'टक्' आवाज आला की बसली. ही डबी म्हणजे कपलर. गाडीतल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक. प्लॅस्टिक जुनं झालं की आधी खटका तुटतो, मग रबराचं सील सुकतं, मग आत ओल जाते. आमच्याकडे तर समुद्र हाकेवर. केळव्याचं, सातपाटीचं खारं वारं वर्षभर अंगणात. आजीच्या पितळी डब्यांची कल्हई उडली की ते जसे हिरवे पडायचे, तशाच या पिना हिरव्या पडतात.

माझ्या गाडीत इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा दोन पिनांचा कपलर असाच गेला. खटका तुटून पडला आणि पिना हिरव्यागार. आता गंमत बघा. हा सेन्सर थंड असला की त्याचा विद्युत रोध जास्त असतो, गरम झाला की कमी होतो. पिना गंजल्या की रोध वाढतो. मग गाडीचा कॉम्प्युटर समजतो, इंजिन अजून थंडच आहे, आणि जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो. वैशाखात उमरोळीच्या उन्हात माझी गाडी महाबळेश्वरच्या डिसेंबरात असल्यासारखी पेट्रोल पीत होती. एका गॅरेजने प्लग बदलले, दुसऱ्याने पेट्रोल पंप उतरवून साफ केला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तिसऱ्याने मात्र बरोबर कपलरवर बोट ठेवलं आणि लगेच पक्कड उचलली. "काका, कापून जोडून देऊ का?"

मी हो म्हटलं. कबूल करतो. पहिल्यांदा मीच हो म्हटलं.

त्याच दिवशी त्याने पुढच्या दिव्यांचा खिळखिळा झालेला कपलरही कापला, वायरी पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. अर्थिंगची वायर जवळच्या एका स्क्रूखाली दाबली. शंभर रुपये घेतले. दिवे लागले. मी खूश!

दोन दिवाळ्यांपूर्वी मामा आला होता. भाऊबीजेच्या संध्याकाळी म्हणाला, "चल, एकदा केळव्याला जाऊन येऊ. बसेन मी कसाबसा." त्याला आत बसवायला दहा मिनिटं लागली, पण बसल्यावर चेहरा असा उजळला की काय सांगू. परतताना अंधार पडला, दिवे लावले. इंडिकेटर दिला तर भलताच दिवा मिणमिणायला लागला. मामा म्हणाला, "अर्थ गेलाय कुठेतरी." आणि मग वास आला. जळक्या टेपचा वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. बोनेटच्या फटीतून धूर. मी गाडी थांबवली, बॅटरीची वायर काढली आणि मग पंचाहत्तरीच्या मामाला त्या बुटक्या सीटवरून बाहेर ओढलं. त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही. आईने वाचलं तर गाडी दुसऱ्या दिवशी भंगारात जाईल.

काय झालं होतं ते साधं गणित आहे. पुढचा एक दिवा ६० वॅटचा, १२ व्होल्टवर म्हणजे ५ अँपिअर. दोन दिव्यांचे १० अँपिअर. पिळलेल्या, गंजत चाललेल्या जोडाचा रोध नुसता ०.२ ओहम धरला तरी त्या जोडात २० वॅट उष्णता तयार होते. वीस वॅट म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्न! ते टेपमध्ये गुंडाळून, फायबरच्या बॉडीला टेकवून, मी मामाला फिरायला घेऊन गेलो होतो.

आणि ती अर्थिंगची वायर? पत्र्याच्या गाडीत ती बॉडीला लावली की काम होतं, कारण सगळी बॉडीच परतीची तार असते. फायबर ग्लासमधून वीज जात नाही. तिथे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागते. फायबरमधल्या स्क्रूखाली वायर दाबणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. विजेला परतीचा रस्ता सापडला नाही, म्हणून ती दुसऱ्या दिव्यांच्या तारांतून वाट काढत होती.

तो कापलेला कपलर आपल्या जागी असता तर यातलं काहीच झालं नसतं, कारण त्यातच एक पिन परतीच्या वायरची होती. ज्याने तो कापला, त्याने ही माहितीच कापून फेकून दिली. माझ्या रागाचं मूळ हे आहे. कपलर म्हणजे नुसती डबी नव्हे. कुठली वायर कुठे जाते, किती जाड असावी, ओल लागेल की नाही, याचा कुणीतरी कधीतरी विचार करून ठेवलेला असतो, तो त्या डबीत असतो. 'कापून जोडा' म्हणजे तो विचार पुसून टाका. पुढच्या माणसाला चार सारख्या काळ्या टेपा दिसतात, बाकी काही नाही. तो पुन्हा कापतो.

मग मी ठरवलं, कपलर मिळवायचाच.

आता दुसऱ्या टोकाची कथा. घरात रोजच्या वापराची एक साधी गाडी आहे, सात वर्षांची. नाव मुद्दाम घेत नाही. योगायोग असा की, त्याच सुमारास तिच्याही एका दिव्याचा खटका उंदराने खाल्ला. तिच्या कंपनीच्या स्पेअरच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि अदबीने सांगितलं, "सर, सुटा कपलर येत नाही. पूर्ण वायरिंग घ्यावं लागेल." किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. नाकापेक्षा मोती जड! एका खटक्यासाठी गाडीतल्या सगळ्या नसा बदलायच्या. मी विचारलं, निदान त्या कपलरचा नंबर तरी सांगाल? तो त्याच्याकडेही नव्हता. त्या कॉम्प्युटरसाठी कपलर नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती!

म्हणजे एका बाजूला 'पूर्ण बदला' आणि दुसऱ्या बाजूला 'कापून जोडा'. लोक समजतात की या दोन विरुद्ध गोष्टी आहेत, एक कंपनीची आणि एक गरिबाची. मला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. दोघींचं म्हणणं एकच, की मधली वस्तू काय आहे ते कुणी जाणून घेऊ नये. पहिलीमुळे दुसरी जगते. सुटा कपलर दहा-वीस रुपयांत दुकानात टांगलेला असता, तर बोईसरच्या त्या पोराने पक्कड उचललीच नसती.

शोध कसा संपला ते सांगतो. पालघर स्टेशनबाहेर एक टॅक्सीवाला बोनेट उघडून पाणी घालत होता. गाडी व्हेरिटो. मी सवयीने आत डोकावलो (हल्ली मी कुणाच्याही बोनेटमध्ये डोकावतो, बायको दुसरीकडे बघत उभी राहते) आणि समोर तोच कपलर! मग डोक्यात प्रकाश पडला. व्हेरिटो म्हणजे आधीची लोगान. २००७ मध्ये नाशिकला महिंद्रा आणि रेनॉ यांनी मिळून बनवलेली, २०११ पासून व्हेरिटो नावाने विकलेली. माझं इंजिन रेनॉचं आणि तिचंही कूळ रेनॉचं. ज्या वस्तूसाठी मी दीड वर्ष वणवण करत होतो, ती बोईसर रस्त्यावर रोज माझ्या शेजारून जात होती.

पुढच्या रविवारी उमरोळीहून डहाणू लोकल, विरारला बदल, दादरला उतरून कुर्ला. तिथल्या भंगारवाल्याने व्हेरिटोच्या वायरिंगचा तुकडा पन्नास रुपयांत दिला. तो तुकडा जसाच्या तसा जोडला असता तर तेही पुन्हा 'कापून जोडा'च झालं असतं. म्हणून नुसती डबी घेतली. जुन्या पिना बारीक सळईने खटका दाबून बाहेर काढल्या. एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये काम करणाऱ्या भाच्याने व्हर्नियर आणला होता. पातं भरलं २.८ मिलिमीटर. हे माप बघून मला हसूच आलं. गाड्यांच्या पिनांची पाती काही ठरावीक रुंदीचीच असतात. २.८, ४.८, ६.३ अशी. जगभरच्या कंपन्या तीच वापरतात. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथल्या एका दुकानदाराने डबी हातात घेतली, उलटी केली, चष्मा वर केला आणि मागचा खण उघडून पिना काढून दिल्या. सहा रुपयाला एक. आत बसणारं रबराचं सील पाच रुपयांचं. घरी येऊन नीट क्रिंप केलं. आधी तांब्यावर दोन पंख, मग वायरीच्या आवरणावर दोन पंख. सोल्डर केलं नाही, कारण सोल्डर वायरीत वर चढतं आणि तिथे वायर ताठ होऊन हादऱ्यांनी तुटते. टक्! आवाज आला. दिव्यांचा कपलरही तसाच केला, परतीच्या वायरीसकट.

सगळा खर्च रेल्वेच्या तिकिटासह तीनशेच्या आत. आणि दीड वर्ष.

वस्तू तर जगात होतीच. ती कुठे आहे, ही माहिती नव्हती. बनवणाऱ्याला ती ठाऊक असते, कारण कपलर गाडीची कंपनी स्वतः क्वचितच बनवते, त्याच्या वेगळ्या कंपन्या असतात आणि त्यांच्या कॅटलॉगात प्रत्येकाला नंबर असतो. मग गाडीच्या पुस्तकात तो छापायला काय जातं? एक पान!

हा काही माझ्या एकट्याचा वेडेपणा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण, त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने मिळू देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, प्रकरण वरच्या कोर्टांत गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल निघालं. समितीच्या यादीत शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर मोटारीही आहेत. चांगलं आहे. पण या सगळ्या चर्चेत बोललं जातं ते मोठ्या भागांबद्दल आणि सॉफ्टवेअरबद्दल. दहा रुपयाच्या डबीबद्दल कोण बोलणार? आणि गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा दहा रुपयाच्या डबीने.

बाहेर काय चालतं? जपानच्या माझदाने १९८९ साली आणलेल्या आपल्या छोट्या स्पोर्ट्स कारसाठी २०१७ मध्ये दुरुस्तीची सेवा जाहीर केली आणि मिळेनासे झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. इंग्लंडात एमजीबी गाडी १९८० मध्ये बंद झाली, पण तिची आख्खी बॉडी १९८८ पासून पुन्हा नवी मिळू लागली. आपल्याकडे? २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून मान दिला. पण १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करायची तर कारची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. म्हणजे पन्नाशी गाठली तर सत्कार, मधली पस्तीस वर्षं मात्र आपापली काढा. त्या वर्षांत कपलर कोण देणार याचं उत्तर कुठल्याच नियमात नाही.

आता माझ्या विरोधकांकडे वळतो. त्यातले बरेचसे नात्यातलेच आहेत.

दादाचं म्हणणं, "एवढा जीव काढतोस त्यापेक्षा भंगारात दे." दादा, तुझ्या गाडीचा खटका अजून तुटलेला नाही, म्हणून हे सुचतं. तुटेल तेव्हा तुलाही तेच दोन पर्याय मिळतील. माझी गाडी जुनी आहे म्हणून हा प्रश्न मला लवकर पडला, एवढंच.

भाच्याचा मुद्दा जास्त वजनदार आहे. तो म्हणतो, "मामा, जुगाडाला नावं ठेवू नकोस. रात्री दोन वाजता पावसात रिक्षा बंद पडली तर तो वायर पिळणाराच देव असतो." खरं आहे, शंभर टक्के खरं. भर पावसात कुणी व्हर्नियर काढत बसणार नाही. पण तो प्रथमोपचार झाला. मोडलेल्या हाताला काठी बांधून दवाखान्यात नेतात, ती काठी आयुष्यभर ठेवत नाहीत. आपण ठेवतो. वर तिचं कौतुक करतो, जुगाड ही आपल्या देशाची प्रतिभा वगैरे भाषणं देतो. ज्या पोराकडे योग्य भाग नाही, योग्य क्रिंपिंगची पक्कड नाही, गाडीचा वायरिंगचा नकाशा नाही, त्याच्या नाइलाजाला प्रतिभा म्हणणं ही त्याची थट्टा आहे. त्याला या तीन गोष्टी द्या, मग बघा प्रतिभा.

आणि जुनं सांभाळणं आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. उमरोळीपासून थोड्या अंतरावर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. तिथले पहिले दोन संच अमेरिकन बनावटीचे, १९६९ मध्ये सुरू झालेले. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधनाच्या पुरवठ्यात खोडा घातला, तरीही आपल्या लोकांनी ते संच दशकानुदशकं चालवले. टेप गुंडाळून नक्कीच नाही! नकाशे ठेवून, मोजून, लिहून, लागेल ते स्वतः तयार करून. हाच पंचक्रोशीतला धडा आहे. तो अंगणातल्या गाडीला लावायला काय हरकत आहे?

माझी मागणी फार मोठी नाही. गाडी विकणाऱ्याने तिच्यातल्या प्रत्येक कपलरचा नंबर आणि पिनेचं माप छापून द्यावं. डबी, पिन आणि सील सुटं विकावं. आणि आपण, म्हणजे गाडीच्या मालकांनी, पक्कड उचलणाऱ्याचा हात धरून विचारावं, "कापण्याआधी नंबर बघितलास का?" मी पहिल्या वेळी विचारलं नाही. त्याची किंमत जवळजवळ मामाने मोजली असती.

माझ्या गाडीचे कपलर मी वहीत लिहायला घेतलेत. कुठला, किती पिनांचा, पातं किती मिलिमीटरचं, दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळतो. आतापर्यंत एकोणीस झाले. कुणाच्या अंगणात अशी एखादी बेडकी उभी असेल तर वही खुशाल घेऊन जा, पण परत आणून द्या.

परवा मामाचा फोन आला होता. गाडीची चौकशी झाली, कपलरची झाली. मी सगळी कथा सांगितली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दिव्यांचा जोड कसा केलास?"

"कापला नाही, मामा. डबी बसवली. परतीच्या वायरीसकट."

"मग येतो दिवाळीला," म्हणाला. "केळव्याहून येताना गाडी मी चालवणार."

गुडघ्यांचं काय ते बघू.